वोयरांब्याचे पाहुणे

"बाबा, युअर फोन. सम अंकल इज सेइंग, वी हॅव कम," असं म्हणत ईशानीने मोबाइल शैलेंद्रच्या हातात ठेवला आणि ती अभ्यासाच्या नावाखाली पुन्हा टॅबमध्ये शिरली.

गुरुवारची संध्याकाळ होती. शैलेंद्र लोणकर नुकताच ऑफिसातून येऊन अल मनखूलमधल्या आपल्या वन बेडरूम फ्लॅटच्या सोफ्यावर आडवा झाला होता. त्याने पडल्या पडल्याच फोन कानाला लावला. पलीकडून संथ, शाळामास्तरी इंग्रजीत आवाज आला, "मिस्टर शैलेंद्र, मी मुलुगेता. वोयरांब्याहून. आम्ही पाच जण आलो आहोत. विमानतळाच्या दाराशी उभे आहोत. हॉटेलचं नाव काढायचं नाही असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून काढलेलं नाही."

शैलेंद्र ताडकन उठून बसला.

"कुणाचा रे फोन?" अनुपमाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"वोयरांबा!"

"मोरांबा संपला. लोणचं देऊ?"

"अगं मोरांबा नाही, वोयरांबा! ते गाव, इथिओपियातलं. ते गाव आलंय!"

"गाव कसं येईल?" अनुपमा हात पुसत बाहेर आली.

"म्हणजे पाच माणसं आलीत. आपल्याकडे. राहायला."

अनुपमा खुर्चीत बसली. बसली म्हणण्यापेक्षा खुर्ची तिथे होती म्हणून बरं.

आता हे वोयरांबा प्रकरण काय, ते सांगायला हवं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अनुपमाने जाहीर केलं होतं की, मॉलमधला बर्फ आणि मॉलमधला मासा बघून मला उबग आलाय, आता खराखुरा डोंगर दाखवा. त्यात ईशानीच्या टीचरने 'जबाबदार पर्यटन' असा प्रोजेक्ट दिलेला. मग काय, शोधाशोध करून लोणकर कुटुंब आधी विमानाने, मग जीपने आणि शेवटी एका खेचराच्या मागून इथिओपियाच्या एका उंच डोंगरावर जाऊन पोचलं. वोयरांबा म्हणजे दगडी झोपड्यांचं गाव. गावकऱ्यांनी समिती करून पाहुण्यांसाठी तीन झोपड्या बांधलेल्या. एका घराने रांधायचं, दुसऱ्याने पाणी आणायचं, तिसऱ्याने खेचर हाकायचं, पुढच्या वेळी पाळी बदलायची. पाहुण्याने दिलेल्या पैशांतला निम्मा वाटा त्या घरांना, निम्मा गावाच्या पेटीत. त्या पेटीतून गावाने पिठाची गिरणी आणली होती आणि आता शाळेवर पत्रे घालायचं चाललं होतं. वीज नाही, नेटवर्क नाही, संडासाला अर्धंच दार, त्यामुळे आत बसून अख्खी दरी दिसायची. शैलेंद्रला हे सगळं भलतंच भावलं. जेवायला चक्क पिठलं मिळायचं. ते लोक त्याला शिरो म्हणत, एवढाच काय तो फरक.

आणि निघताना घोळ झाला. म्हणजे शैलेंद्रमधला मराठी माणूस जागा झाला.

आपल्याकडे निरोप घेताना "या एकदा घरी" असं म्हणतात. समोरचा "येऊ की" म्हणतो. कुणी कुठे जायचं नाही हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! त्यात कुणी फसवत नाही आणि कुणी फसतही नाही. पण वोयरांब्यात कढीही खरी असते आणि भातही खरा असतो, हे शैलेंद्रला कुठलं माहीत? झोपडीच्या दारात तो म्हणाला, "आता तुम्ही दुबईला यायचं." शेताच्या बांधावर म्हणाला, "अहो, खरंच या." आणि खेचरावर बसल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाला, "आलंच पाहिजे. आमच्याकडेच उतरायचं. हॉटेलचं नाव काढलंत तर मी रागावेन!" गावकरी स्तब्ध उभे राहिले. समितीच्या अध्यक्षांच्या, म्हणजे मुलुगेतांच्या थोरल्या बहिणीने, अस्कालूबाईंनी, शालीच्या टोकाने डोळे पुसले. शैलेंद्रला वाटलं, विरहाचं दुःख. खरं म्हणजे त्याच संध्याकाळी गावाने सभा भरवली होती.

"तू बोलावलंस त्यांना?" अनुपमाने विचारलं.

"अगं, ते बोलायचं म्हणून बोललो!"

"मग बोलायचं म्हणून बोलतोय, हेही बोलायचं ना! आणि आता लीजचं काय करणार आहेस?"

लीज म्हटल्यावर शैलेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. अकरा वर्षं ते या फ्लॅटमध्ये जुन्या भाड्याने राहत होते. शेजारच्या नव्या भाडेकरूला तेवढ्याच जागेला जवळपास दुप्पट पडत होतं. घरमालक, ज्याला सगळे नुसतं 'अर्बाब' म्हणत, जुन्या मंडळींना काढायला टपलाय अशी बिल्डिंगमध्ये कुजबुज होती. लीज महिनाअखेर संपत होतं. मॅनेजर व्हिन्सेंट परेराने आधीच बजावून ठेवलं होतं, "लोणकर, फॅमिलीच्या तीन माणसांचं घर आहे. जास्ती माणसं दिसली, पेइंग गेस्टबिस्ट कळलं, की खलास!" घर गेलं तर शारजाच्या पलीकडे कुठेतरी जावं लागणार, ईशानीची शाळा सुटणार आणि शैलेंद्रचं उरलेलं आयुष्य ट्रॅफिकमध्ये जाणार.

"त्यांना सांग, आम्ही भारतात गेलोय," अनुपमा म्हणाली.

"मी फोन उचललाय."

"मग आजारी आहोत म्हण."

"बट बाबा, दे सोल्ड अ काऊ ऑर समथिंग टू कम हिअर," ईशानी टॅबमधून मान वर न काढता म्हणाली. तिला हे कसं कळलं होतं देव जाणे, पण आता खोटं बोलायची सोय उरली नाही. शैलेंद्रने गाडीची किल्ली घेतली.

पाच माणसं एका गाडीत मावेनात, म्हणून मागून एक टॅक्सी करावी लागली. टॅक्सीचे ऐंशी दिरहम झाले. "म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये!" असं शैलेंद्र स्वतःशीच मोठ्याने म्हणाला. मुलुगेतांनी तो काहीतरी स्वागताचा मंत्र समजून मान लववली.

बेत असा होता की, पाहुण्यांना पार्किंगच्या लिफ्टमधून गुपचूप वर न्यायचं. वॉचमन शौकतला पत्ता लागू द्यायचा नाही. पण पायघोळ पांढऱ्या शाली पांघरलेली, हातात उंच काठ्या घेतलेली पाच ताडमाड माणसं अल मनखूलमध्ये गुपचूप कशी न्यायची? त्यात वोयरांब्याच्या रीतीप्रमाणे दिसेल त्या माणसाची विचारपूस केल्याशिवाय पुढे जायचं नसतं. मुलुगेतांनी शौकतच्या खांद्याला खांदा भिडवला आणि इंग्रजीत त्याची तब्येत विचारली, घरच्यांची तब्येत विचारली, गुराढोरांची तब्येत विचारली, यंदा पाऊस कसा आहे ते विचारलं. शौकत पाकिस्तानातल्या स्वातकडच्या डोंगरातला. अकरा वर्षांत बिल्डिंगमधल्या एकाही माणसाने त्याच्या म्हशीची चौकशी केली नव्हती. त्याचे डोळेच भरून आले.

"साब, ये तो बहोत खानदानी लोग हैं!" तो म्हणाला आणि त्याने ही बातमी रात्रीच्या आत सातही मजल्यांवर पोचवली.

घरात आल्यावर मुलुगेतांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि म्हणाले, "तुमचं गाव आमच्याहून उंचावर आहे. पाणी कोण आणतं?"

"नळाला येतं," शैलेंद्र म्हणाला.

"आणि समोरच्या घरात कोण राहतं?"

शैलेंद्र अनुपमाकडे बघायला लागला, अनुपमा ईशानीकडे. समोरच्या फ्लॅटचं दार त्यांनी अकरा वर्षं पाहिलं होतं, माणूस मात्र एकदाही पाहिला नव्हता. मुलुगेतांनी इतर चौघांना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. चौघेही दुःखाने चुकचुकले आणि अस्कालूबाईंनी अनुपमाच्या पाठीवरून हात फिरवला.

जेवायला अनुपमाने पिठलं-भात केला. दुसरं करणार काय, घरात आठ माणसांना पुरेल असं डाळीचं पीठच होतं. अस्कालूबाईंनी चव घेतली, आपल्या गाठोड्यातली लाल पूड त्यात ओतली आणि मग एवढा मोठा घास करून शैलेंद्रच्या तोंडात कोंबला. त्यांच्याकडे आदराने असाच घास भरवतात. शैलेंद्रला याआधी लग्नात घास भरवला होता, तोही लाडवाचा, आणि तेव्हा डोळ्यांतून एवढं पाणी आलं नव्हतं.

"बरं वाटतंय ना रे, माणसं आली की," अनुपमा भांडी घासताना म्हणाली. मग तिला लीज आठवलं आणि ती भांडी जोरजोरात घासू लागली.

शुक्रवारी सकाळी खरी धमाल उडाली. अस्कालूबाईंनी दिवाणखान्यात सतरंजी सरकवून फरशीवर गवत पसरलं. हो, गवत! गाठोड्यातून आणलेलं. त्यावर बसकण मांडली, कॅम्पिंगची छोटी शेगडी पेटवली, ऊद जाळला आणि तव्यावर कॉफीच्या हिरव्या बिया भाजायला घेतल्या. त्यांच्याकडे कॉफी म्हणजे काही कप तोंडाला लावून पळायचा प्रकार नाही. बिया डोळ्यांदेखत भाजायच्या, कुटायच्या, सुरईत उकळायच्या आणि तीनदा प्यायच्या. वास असा सुटला की अनुपमा चहा ठेवायची विसरली. वासामागून धूर आला. धुरामागून छताला लावलेल्या, धूर हुंगणाऱ्या पांढऱ्या चकतीने कानठळ्या बसवणारा आवाज काढला. आणि मग ते लोण फ्लॅटमधून मजल्यावर, मजल्यावरून अख्ख्या बिल्डिंगमध्ये गेलं.

सात मजले खाली उतरले. कुणी टॉवेलवर, कुणी दाढीचा फेस घेऊन, एक बाई हातात कोथिंबीर घेऊन. सगळ्यात शेवटी वन बेडरूमच्या फ्लॅटमधून एकामागून एक आठ माणसं बाहेर आली. शेवटी अस्कालूबाई. त्यांच्या हातात गरम तवा होता आणि चेहऱ्यावर, पहिलाही घोट न मिळालेल्या माणसाचा संताप होता.

व्हिन्सेंट परेरा पार्किंगमध्ये कमरेवर हात ठेवून उभा होता. मूळचा वसईचा. तसा मनाने चांगला, पण अर्बाबच्या नावाने बोलायला लागला की चहापेक्षा किटली गरम.

"काय लोणकर, काय हे मॅन?" तो म्हणाला. "एक, दोन, तीन... आठ! अरे आमच्या वसईला लग्नघरात पण एका खोलीत एवढी माणसं झोपत नाय!"

"पाहुणे आहेत हो, व्हिन्सेंटभाऊ. दोन दिवसांसाठी."

"पाहुणे? पैसे देऊन नाय ना?"

"छे छे! काय बोलता!"

इथे शैलेंद्रचं नशीब बघा. मुलुगेता गर्दीतून वाट काढत पुढे आले. व्हिन्सेंटच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा होता, काखेत फाइल होती आणि तो सगळ्यांवर ओरडत होता. म्हणजे हा गावचा मुख्य, यात त्यांना शंकाच उरली नाही. त्यांनी शालीतून दोन पाकिटं काढली. एक अनुपमाच्या हातात दिलं. "हा घराचा वाटा." दुसरं दोन्ही हातांनी व्हिन्सेंटसमोर धरलं. "आणि हा गावाचा. फुकट राहून यजमानाचं नुकसान करायचं नाही, असा आमच्या समितीचा नियम आहे. यातून गावाला हवं ते करा. शाळेला पत्रे आहेत का तुमच्या?"

व्हिन्सेंटने गोंधळून पाकीट घेतलं. घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की, सात मजल्यांची माणसं आपल्याकडे बघतायत आणि त्यातली निम्मी मोबाइलवर व्हिडिओ काढतायत.

"अरे हे काय... हे माझं नाय! मी नाय घेतलं!" तो पाकीट निखाऱ्यासारखं हातातून हातात टाकू लागला. शेवटी त्याने ते शैलेंद्रच्या खिशात कोंबलं. "लोणकर, मॅटर आता माझ्या हातात नाय राहिला. उद्या उम्म अल कुवैनला अर्बाबच्या घरी यायचं. आणि तोपर्यंत त्या फ्लॅटमध्ये आगबिग, धूरबीर काय नाय पायजे. कॉफी तर बिलकुल नाय!"

हे भाषांतर करून सांगितल्यावर मुलुगेता गंभीर झाले. अस्कालूबाईंचं तर डोकंच धरलं. लहानपणापासून कॉफीशिवाय त्यांची सकाळ उजाडली नव्हती. अनुपमाने त्यांना इन्स्टंट कॉफी करून दिली. त्यांनी कपात बघितलं, अनुपमाकडे बघितलं आणि उठून ती कुंडीत ओतली.

शनिवारी शैलेंद्र एकटाच जाणार होता. पण पाचही जण काठ्या घेऊन दारात तयार होते. "आमच्याकडे भांडण झालं की वडीलधारी माणसं बरोबर जातात," मुलुगेता म्हणाले. "तुम्ही आम्हाला बोलावलंत म्हणून तुमच्यावर ही पाळी आली. तुम्हाला एकटं कसं सोडू?"

"नको हो, तुम्ही आलात तर अजूनच..." शैलेंद्र म्हणत होता, तोवर ते लिफ्टमध्ये शिरलेसुद्धा. दुष्काळात तेरावा महिना! सगळ्यांसाठी एक मिनीबस करावी लागली. वाटेत शैलेंद्र मनातल्या मनात बोलणी घोकत होता आणि अस्कालूबाई कपाळाला घट्ट फडकं बांधून, गाठोडं छातीशी धरून, डोळे मिटून बसल्या होत्या.

अर्बाबचं घर समुद्राजवळ होतं. बाहेरच्या बैठकीत भिंतीलगत गाद्या घातलेल्या आणि मधोमध पांढऱ्या दाढीचे अर्बाब. जुन्या पिढीतल्या बऱ्याच अरबांना येते तशी त्यांना हिंदी छान येत होती. व्हिन्सेंट आधीच येऊन कोपऱ्यात फाइल घेऊन बसला होता. शैलेंद्रची पाचावर धारण बसली. नोकराने कॉफीची सुरई आणली. टीचभर कपात थोडी थोडी ओतून सगळ्यांच्या हातात दिली. घसा इतका कोरडा पडला होता की शैलेंद्रने आपला कप एका दमात संपवला. नोकराने पुन्हा भरला, शैलेंद्रने पुन्हा संपवला.

कॉफी म्हटल्यावर अस्कालूबाईंनी दोन दिवसांत पहिल्यांदा डोळे पूर्ण उघडले होते. त्यांनी कप नाकाशी नेला. आत वेलदोडा आणि केशर घातलेलं पिवळसर पाणी. अरबांकडे कॉफी अशीच करतात आणि ती फार मानाची. पण अस्कालूबाईंचा चेहरा असा झाला, जसा अनुपमाचा पिठल्यात साखर घातलेली पाहून झाला असता. त्यांनी कप अलगद गालिच्यावर ठेवून दिला. कॉफीच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द शेवटचा. मुलुगेतांनीही कप खाली ठेवला. मग उरलेल्या तिघांनी ठेवला. पाच भरलेले कप एका ओळीत.

सुरई घेतलेला नोकर जागीच थांबला. अर्बाब सावरून बसले.

"मेलो," शैलेंद्र पुटपुटला. "अपमान केला त्यांचा!"

"अपमान नाय मॅन," व्हिन्सेंट त्याच्या कानाशी कुजबुजला. "पाव्हण्यानं कप भरलेला खाली ठेवला म्हणजे त्याला काहीतरी मागायचंय. मालक हो बोलेपर्यंत तो पिणार नाय. जुनी रीत आहे यांची. मी इतक्या वर्षांत नुसती ऐकलेली. यांना कशी माहीत?"

यांना कशी माहीत असणार कप्पाळ! पण अर्बाबच्या डोळ्यांत चमक आली होती. त्यांच्या बैठकीत ही रीत बहुधा कित्येक वर्षांत कुणी पाळली नव्हती. त्यांनी छातीवर हात ठेवला. "जो मांगना है मांगो. दिया. कॉफी पियो."

शैलेंद्रच्या अंगावर काटा आला. दिया! म्हणजे लीज, जुनं भाडं, ईशानीची शाळा, सगळं त्या पाच कपांत होतं. त्याने आपला कप आधीच दोनदा ढोसला होता, त्यामुळे त्याला मागता येत नव्हतं. तो मुलुगेतांकडे वळून घाईघाईने म्हणाला, "ते म्हणतायत, काहीही मागा! एकच गोष्ट. अहो, आमचं घर, आमचं लीज..."

मुलुगेतांनी शांतपणे मान डोलावली आणि अस्कालूबाईंशी बोलणं सुरू केलं. बराच वेळ चाललं. बाई कपाळावरच्या फडक्याकडे, मग कपाकडे बोट दाखवून तावातावाने बोलत होत्या. शेवटी मुलुगेता वळले.

"माझी बहीण मोठी आहे. मागायचा हक्क तिचा. ती म्हणते, हिला कॉफी म्हणत नाहीत. ही आजारी माणसाला द्यायची गोष्ट आहे. तिला तुमच्या अंगणात कॉफी करू द्या, एवढंच मागणं आहे."

"एवढंच?" शैलेंद्र किंचाळायचा बाकी राहिला. "आणि लीज?"

"एकच गोष्ट मागा म्हणालात ना? तिचं डोकं फार दुखतंय."

सगळे शैलेंद्रकडे बघत होते. घर तर गेलंच होतं, आता जीव तरी वाचवावा म्हणून तो चाचरत म्हणाला, "अर्बाब, ये बोलती है, आपकी कॉफी बहुत अच्छी है, मगर... थोडी पीली है. ये खुद बनाना मांगती है."

अर्बाबनी पाचही कपांवरून नजर फिरवली. मग दाढीतल्या दाढीत हसायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "दिया बोला तो दिया! बनाओ!"

अस्कालूबाईंनी गाठोडं सोडलं. तवा, बिया, खलबत्ता, सुरई, सगळं त्यात होतंच. अंगणात शेगडी पेटली. अर्बाब स्वतः उठून बाहेर आले आणि मांडी घालून धुराच्या बाजूला बसले. पहिला कप पिऊन त्यांनी तो लगेच पुढे धरला. दुसऱ्याला म्हणाले, "हमारा बाप ऐसा काला पीता था, समंदर में, बोट पे." तिसऱ्याची वाट बघताना त्यांनी विचारलं, "ये लोग दुबई आया कैसे? कौन लाया?"

उत्तर मुलुगेतांनी दिलं आणि शैलेंद्रला ते हिंदीत सांगावं लागलं.

"आमच्या गावात जगभरातून पाहुणे येतात. चांगले लोक असतात. फोटो काढतात, पोरांना पेन देतात, पैसे वेळेवर देतात. त्यांच्यामुळे आमची गिरणी झाली. पण आमच्याकडे या, असं आजपर्यंत एकही जण म्हणाला नव्हता. हा माणूस तीनदा म्हणाला. गावाने सभा घेतली. कुणी म्हणालं, उगीच बोलला असेल. माझी बहीण म्हणाली, छातीवर हात ठेवून कुणी उगीच बोलतं का? म्हणून आलो."

शेवटचं वाक्य हिंदीत आणताना शैलेंद्र अडला. त्याला भयंकर लाज वाटली. उगीच बोलणारा माणूसच इथे बसून त्यांचं भाषांतर करत होता. "बोलो, बोलो," अर्बाब म्हणाले. तो कसाबसा बोलला आणि खाली बघत बसला.

अर्बाबनी तिसरा कप संपवला. "लोनकर, ग्यारह साल तुम मेरा बिल्डिंग में. उसके पहले कितना मेहमान आया?"

"ज्यादा नहीं," शैलेंद्र म्हणाला. मग खरंच सांगून टाकलं, "एक भी नहीं."

"मेरा बाप का घर में दरवाजाच नहीं था, परदा था. मेरा बिल्डिंग में इतना दरवाजा, सब बंद! व्हिन्सेंट, लिखो. लोनकर का लीज चालू. किराया वही." शैलेंद्र त्यांच्या पाया पडायला वाकणार, तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं. "मगर शर्त है. हर महीने इसका घर में मेहमान होना. मैं खुद आकर देखेगा. जो महीना मेहमान नहीं, वो महीना खलास!"

व्हिन्सेंटने लिहून घेतलं. लिहिताना त्याचा चेहरा, आपण जागे आहोत की झोपेत, असा होता.

सोमवारी वोयरांब्याची मंडळी गेली. अनुपमा विमानतळावर धाय मोकलून रडली. समोरच्या फ्लॅटमधल्या शहरबानू नावाच्या आजीही निरोप द्यायला आल्या होत्या. मुलुगेतांनी जाण्याआधी त्यांचं दार वाजवून म्हशींची चौकशी केली होती. शैलेंद्रने या वेळी काही म्हणजे काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. त्याने नुसतेच अस्कालूबाईंचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

आणि मग सुरू झाली पाहुण्यांची शोधाशोध. शैलेंद्रला वाटलं होतं, दुबईत मराठी माणसांना काय तोटा! त्याने ऑफिसातल्या निनादला बोलावलं. "येऊ की रे एकदा," निनाद म्हणाला. सुयशला फोन केला. "नक्की! जरा थंडी पडू दे." रुवैसच्या रिफायनरीतल्या सख्ख्या मामेभावाला बोलावलं, तर तो म्हणाला, "अरे, तूच ये ना इकडे." शैलेंद्रने तीन तीनदा बोलावून पाहिलं. त्यावर निनादने आवाज खाली आणून विचारलं, "काय रे, इन्शुरन्स विकायला लागलास का?" शहरबानूआजी मुलीकडे अबू धाबीला निघून गेल्या. शौकत यायला एका पायावर तयार होता, पण गेट सोडून त्याला हलता येत नव्हतं. पुढचा महिना सुरू होऊन संपतही आला. अनुपमा रोज चार माणसांची जास्तीची कणीक मळायची आणि रात्री तेच तिघे पोळ्यांकडे बघत बसायचे.

"शैलेंद्र, गेलं रे घर," ती शेवटच्या शुक्रवारी म्हणाली. "पाहुण्यांपायी जात होतं, आता पाहुण्यांवाचून जाणार."

तेवढ्यात बेल वाजली. दारात व्हिन्सेंट उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात मोठी बॅग. त्याच्यामागे त्याची बायको लुसी, फुलाफुलांच्या ड्रेसमध्ये, दोन उशा आणि केकचा डबा घेऊन.

"पाहुणे हायत?" व्हिन्सेंटने आत डोकावत विचारलं.

"नाहीत हो," शैलेंद्र म्हणाला.

"मला वाटलंच. अर्बाब रोज फोन करून विचारतात मॅन. मी खोटं नाय बोलणार, चर्चला जातो मी. आणि तुम्हाला बाहेर काढायचा कागद माझ्याच हातानं द्यायचा, तेपण मला नाय जमणार." त्याने बॅग दाराच्या आत ठेवली. "म्हणून आमीच आलो."

लुसीने केकचा डबा अनुपमाच्या हातात दिला आणि लाजून म्हणाली, "त्रास नाय ना होणार, वैनी?"

"नाही हो, त्रास कसला! या ना, या!" अनुपमा म्हणाली आणि धावत जाऊन तिने बेडरूममधली गादी ओढायला घेतली. मग ती दारात थबकली. "पण व्हिन्सेंटभाऊ, किती दिवस राहणार?"

"अर्बाब येऊन बघेपर्यंत."

"आणि ते कधी येणार?"

व्हिन्सेंटने बूट काढून नीट बाजूला ठेवले, सोफ्यावर पाय वर घेऊन बसला आणि म्हणाला, "इन्शाल्ला."